उत्तरेच्या भिंतीवरचा पाइप

अम्मान, २ डिसेंबर १९९१

अबू लबीब,

सलाम घ्या. रागावलेल्या माणसालाही सलामाचं उत्तर द्यावंच लागतं, तेव्हा निदान तेवढं तरी तिकडे बसून पुटपुटा.

तुम्ही पोहोचल्याचं कळवलं नाहीत. एडनच्या तुमच्या बर्फाच्या कारखान्यातून कुणीतरी शुक्रीच्या घरी फोन केला, "तुमचा माणूस आला, कामाला लागला." नवऱ्याची खबर मला भावाच्या फोनवरून, तीही तिऱ्हाइताच्या तोंडची. शुक्री निरोप सांगायला आला तेव्हा त्याच्या मिशीखाली हसू होतं. मी चहा विचारला नाही.

हे पत्र पाइपसाठी लिहितेय, मनात दुसरं काही आणू नका. तुमचा पाइप जागेवर आहे. उत्तरेच्या भिंतीवर, गच्चीतल्या टाकीपासून खाली स्वयंपाकघरापर्यंत, तुम्ही ठोकलात तसाच उघडा. त्याला कुणी हात लावलेला नाही आणि मी लावू देणार नाही, कारण मला अजून तुमची बायको राहायचं आहे.

हसू नका. तुम्ही ती शपथ घातलीत तेव्हा मी आत वेलची कुटत होते, बत्ता हातातच राहिला. इथले पुरुष उठताबसता तलाकची शपथ घालतात हे मला माहीत आहे. "न जेवता गेलास तर माझ्या बायकोला तलाक" म्हणून पाहुण्याला बसवून घेतात. पाहुणा बसतो, बायको ताट वाढते, कुणाचं काही बिघडत नाही. पण तुम्ही त्यातले नव्हतात. कुवेतमध्ये एवढा जन्म गेला, तुमच्या तोंडून कधी ती शपथ ऐकली नाही. आणि ऐकली ती कशापायी, तर एका लोखंडी पाइपपायी.

शुक्रीचं चुकलंच. माझा सख्खा भाऊ असला तरी उंटावरचा शहाणा आहे तो. पाइप दक्षिणेला उन्हात घे, नाहीतर जानेवारीत गोठून फुटेल, एवढंच सांगायचं होतं. त्यासाठी आपल्या बैठकीत चार माणसं कॉफी पीत असताना "जन्मभर लोकांच्या खोल्या गार करत फिरला, आणि थंडी कोणत्या बाजूने येते तेच या कुवेतवाल्याला ठाऊक नाही" असं म्हणायची गरज नव्हती. पण तुम्ही तरी काय! "हा पाइप या भिंतीवरून हलला तर माझ्या बायकोला तलाक!" बैठकीत सगळ्यांचे पेले हातातच राहिले. आणि पुढच्याच आठवड्यात तुम्ही एडनला चालते झालात.

तुम्ही तो उत्तरेला का लावलात ते मला कळतं. कुवेतच्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी इतकं तापायचं की लहानग्या लबीबला आंघोळ घालायची तर मी आधी बादली घरात आणून निवत ठेवायची. पाणी उन्हापासून लपवायचं, हीच आपली अक्कल. लढाईपायी घरदार तिकडे सोडून इथे आलो, पण ती अक्कल तेवढी सोबत आली. ऑगस्टमध्ये या नव्या घरात नळाला गार पाणी आलं तेव्हा मीच तुम्हाला दुवा दिली होती. ती मी परत घेत नाही.

जाताना तपकिरी कोट खुंटीवर विसरलात आणि मोठा पाना पेटीत घालून नेलात. एडनच्या उकाड्यात कोट कशाला लागतो म्हणा. पण पाना? तुमच्यामागे कुणी पाइप खोलू नये म्हणूनच ना? म्हणजे त्या शपथेची भीती तुम्हालाही वाटली होती. हे ध्यानात आल्यापासून मला जरा बरं वाटतंय.

लेकीचा, नुहाचा सलाम. खरं तर तिने सांगितलेला नाही, मीच लिहितेय.

वजीहा


अम्मान, १२ डिसेंबर

अबू लबीब,

गेल्या आठवड्यात एका सकाळी गच्चीवरच्या घमेल्यात पाण्याला काचेसारखी पापडी धरली होती. बोटाने दाबली तर टच्‌कन फुटली. तेव्हापासून माझं लक्ष कशात लागत नाही. भाजी चिरते आणि उठून भिंतीपाशी जाते. पाइपला हात लावून बघते, तापकऱ्या पोराचं कपाळ बघावं तशी. फरक एवढाच की तिथे गरम लागलं की जीव घाबरतो आणि इथे गार लागलं की.

शुक्री म्हणतो, "वेडे, पाइप हलव आणि मोकळी हो." मी म्हटलं, "मोकळीच होईन रे, पार माहेरी येऊन बसण्याइतकी." त्यावर त्याने खांदे उडवले. त्याच्या मते तुमची शपथ म्हणजे वाऱ्यावरची वरात. असेलही. पण तो वारा माझ्या घरावरून वाहतोय, त्याच्या नाही.

म्हणून मी पाइप गुंडाळायला काढला. शेजारची उम्म जकी याच डोंगरावर जन्मली, तिने कमरेवर हात ठेवून सगळं सांगितलं. आधी वर्तमानपत्र, मग गोणपाट, वरून प्लास्टिक, वरून दोरी. "गोणपाट ओलं होऊ देऊ नकोस गं, ओलं नेसवण्यापेक्षा उघडा बरा. आणि वळणावर कंजुषी करू नकोस, पाइप आधी कोपरातच मरतो." तांदळाच्या गोण्या अर्ध्यातच संपल्या. मग मी तुमची निळी कामाची विजार काढली. तिचा एक पाय उसवला, पाइपभोवती घेतला आणि शिवून टाकला. वर दुसरा पाय. त्यावर तुमचे दोन शर्ट, बाह्यांच्या गाठी मारून. विचारायला तुम्ही नव्हतात, म्हणून विचारलं नाही.

आता पुढचं ऐका. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला उम्म जकीच्या कोपऱ्यावरून किंकाळी. "चोर! चोर! वजीहाच्या भिंतीवर माणूस चढतोय!" वाणी काठी घेऊन धावला, त्याच्यामागे अर्धी गल्ली. आणि बघतात तर काय, तुमची विजार, तुमचे शर्ट, वाऱ्याने एक बाही हलतेय. मग वाणी म्हणाला, "अरे हा तर अबू लबीब! एडनहून परत आला, पण दारातून यायची लाज वाटते, म्हणून भिंतीवरून येतोय!" लोक पोट धरधरून हसले. उम्म जकी तर जिन्यात खालीच बसली. आता येणाराजाणारा पाइपला सलाम करतो. "अबू लबीब, सर्दी झाली का?" "अबू लबीब, खाली उतर, चहा झालाय."

मीही हसले. मग घरात गेले आणि रडले. दोन्ही लिहिते, कारण एकच लिहिलं तर खोटं होईल.

आणखी एक. उम्म जकी म्हणते, कडाक्याच्या रात्री नळ थोडा सुटा ठेवायचा, थेंब थेंब गळत राहिला की पाणी पाइपात झोपत नाही. अहो, पण आपल्याकडे सरकारी पाणी येतं सोमवारी, ते टाकीत चढलं की पुढचा सोमवार येईपर्यंत तेच. ते गळू द्यायचं म्हणजे पाप. म्हणून मी नळाखाली पातेलं ठेवते, ते भरलं की तपेली, मग घागर. त्याच पाण्याने स्वयंपाक, त्याच पाण्याने कपडे. घरात एक भांडं रिकामं नाही. काल नुहाने जैतुनाच्या लोणच्याच्या बरणीत हात घातला तर तिथेही पाणी. "यम्मा, जैतून कुठे?" म्हणाली. जैतून उशाशी, पाणी बरणीत. असं चाललंय.

उत्तर द्या. एक ओळ द्या.

वजीहा


अम्मान, २६ डिसेंबर

टपालवाल्याने आज मला पाहून रस्ता बदलला. त्याला माझी कीव येते हे मला सहन होत नाही, आणि ती तुमच्यामुळे येते हे तर त्याहून नाही.

मी शेख मुहसिनांकडे गेले होते. मशिदीमागच्या त्यांच्या खोलीत, उम्म जकीला सोबत घेऊन. सगळं सांगितलं. कुवेत, पाइप, शुक्रीची जीभ, तुमची शपथ. शेखांनी डोळे मिटून ऐकलं. मध्येच त्यांच्या दाढीत हालचाल झाली, बहुतेक हसू आवरत होते. मग म्हणाले, "बेटी, हे त्याच्या मनावर आहे. खरोखर तलाक द्यायचा म्हणून बोलला असेल तर गोष्ट वेगळी. नुसता जोर लावायला बोलला असेल तर शपथ मोडल्याचं प्रायश्चित्त द्यावं, दहा गरिबांना जेवू घालावं, आणि पाइप खुशाल हलवावा. पण मनात काय होतं ते त्यालाच विचार."

"तो उत्तर देत नाही, मौलाना."

"मग उत्तर येईपर्यंत पाइपला हात लावू नकोस," ते म्हणाले. आणि मी निघताना हळूच विचारलं, "गुंडाळलायस ना नीट?"

ऐकलंत? आख्ख्या अम्मानमध्ये आता माझा निकाल तुमच्या एका ओळीवर अडलाय. "मनात होतं" किंवा "मनात नव्हतं". शाईसुद्धा फार लागणार नाही.

घरी परतले तर भिंतीवर शुक्रीचा नळकारागीर! मी घरात नाही हे साधूनच शुक्रीने त्याला धाडला होता. शिडी भिंतीला लावलेली, विजारीची शिवण उसवलेली, पाना पाइपच्या मानेवर बसवलेला. आणि शिडीच्या तळाशी आपली नुहा, केस सुटलेले, दोन्ही हातांनी शिडी धरून गदागदा हलवतेय.

"पोरी, पडेन मी!"

"पडा! तो पाना फिरवलात तर माझ्या आईला तलाक होतो, ठाऊक आहे?"

कारागीर वरच थबकला. "काय होतो?"

"तलाक! बापाने शपथ घातलीय या पाइपवर."

तो माणूस शिडीवरून उतरला की घसरला, मला सांगता येणार नाही. "तौबा तौबा! मी पाइप जोडणारा माणूस, कुणाचे संसार नाही तोडत." आणि माझ्याकडे वळून, छातीवर हात ठेवून म्हणाला, "बहीणबाई, माफ करा. शुक्रीभाईंनी मला फक्त पाइप म्हणून सांगितलं होतं." जाताना त्याने उसवलेली शिवण स्वतः दोरीने बांधून दिली. चांगला माणूस.

शुक्रीशी मी बोलत नाही. आता तुम्ही माझ्याशी बोलत नाही, मी भावाशी बोलत नाही आणि नुहा तुमचं नाव काढत नाही. या घरात बोलतो तो फक्त नळ, टप टप टप. कधीकधी वाटतं कुणाचा तरी पाना मागून आणावा आणि त्या पाइपचे तुकडे करावेत. मग हात लावते तर गार लागतो, आणि धावत गोणपाट आणायला जाते.

बुखारेस्टहून लबीबचं पत्र आलं. विचारतो, बाबा कसे आहेत. तिकडे म्हणे पाइप भिंतीच्या आतून नेतात. मी लिहिलं, बाबा मजेत आहेत, कामात आहेत. पहिलं खोटं असेल तर पाप तुमच्या माथी.

वजीहा


अम्मान, ४ जानेवारी १९९२

बर्फ पडतंय. टपाल बंद आहे, हे पत्र जाणार नाही, तरी लिहितेय. हात कशात तरी गुंतलेले हवेत.

इतकं बर्फ मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. समोरचा डोंगर दिसत नाही. वीज सकाळपासून गेलीय, रॉकेलच्या शेगडीवर मसुराचं सूप आहे, नुहा अंगावर तीन सदरे घालून बसलीय. उम्म जकीचा नळ पहाटेच थांबला. तिच्या वरच्या मजल्याचाही. वाण्याच्या पाइपला मधोमध चीर गेलीय, बोट जाईल एवढी.

आपला अजून चालू आहे. बारीक धार, करंगळीपेक्षा बारीक, पण तुटलेली नाही.

मी गच्चीत जाऊन आले. टाकीखालच्या वळणावर वाऱ्याने प्लास्टिक फाडलंय, गोणपाट उघडं पडलंय, त्याला बर्फ चिकटलंय. ओलं नेसवण्यापेक्षा उघडा बरा, असं उम्म जकी म्हणाली होती. ते सोडवून टाकलं. आता तिथे लावायला घरात कोरडं, जाड असं काही उरलेलं नाही. पांघरुणं नुहाच्या अंगावर आहेत.

कोट आहे.

मी तो आजवर काढला नव्हता. खुंटीवर होता तोवर तुम्ही बाहेर गेलायत आणि येणार आहात असं वाटायचं. बाहेरून येताना मी त्याला हात लावायची. हे तुम्हाला कधीच कळवायचं नव्हतं.

जाते. धार बारीक होतेय.

...

घातला. आतलं अस्तर पाइपच्या अंगाला, बाह्या वळणाभोवती दोनदा, बटणं गळ्यापर्यंत. वर मेणकापड. माझी बोटं अजून वाकत नाहीत, अक्षर बघा. नुहा म्हणते, "यम्मा, कोटाचं वाटोळं झालं की गं." मी म्हटलं, होऊ दे. कोट तसा तुमच्यासारखाच, थंडीत कामाला आला तरच त्याचा उपयोग.

धार चालू आहे.


अम्मान, ११ जानेवारी

अबू लबीब,

रस्ते उघडलेत. मागचं पत्र आणि हे एकाच पाकिटात येतील.

तुमचा पाइप जगला. या गल्लीत तोच एकटा जगला. बर्फाच्या दिवसांत सगळी गल्ली आपल्या स्वयंपाकघरात होती. बादल्या, डबे, दुधाची भांडी. मी पाळी लावली, आधी तान्ह्या मुलांची घरं, मग म्हातारी माणसं, मग बाकीचे. वाणी दारातून आत यायच्या आधी भिंतीकडे बघून हात उंच करायचा, "अबू लबीब, अल्ला तुला सलामत ठेवो." या वेळी कुणी हसत नव्हतं.

आणि मग शुक्री आला. गुडघ्यापर्यंत भिजलेला, हातात डबा. त्याचा पाइप दक्षिणेला, उन्हात. ऊन असतं म्हणून त्याने त्याला चिंधीसुद्धा बांधली नव्हती. दुपारी सुटायचा, संध्याकाळी पुन्हा धरायचा, शेवटी सांधाच निसटला. पाणी थेट त्याच्या बैठकीत, त्याच गालिच्यावर ज्यावर बसून तुमची थट्टा केली होती.

"पाणी आहे का गं?"

"कोणत्या भिंतीचं हवं? उत्तरेच्या की दक्षिणेच्या?"

"वजीहा, पुरे. बायको चहाला बर्फ वितळवतेय, त्यात मांजराचे केस निघाले."

"मग आधी म्हण."

"काय म्हणू?"

"जे चारचौघांत बोललास ते चारचौघांत परत घे. बघ, वाणी आहे, उम्म जकी आहे, शेखांची बायको आहे, मी आहे. चारचौघं झाले."

त्याचा चेहरा तांबडा झाला. मला वाटलं डबा आपटून जाईल. पण घरात तहानलेली माणसं असली की मिशीचा पीळही सैल होतो. तो भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "अबू लबीबच्या पाइपला माझा सलाम. मी बोललो ते चूक बोललो. झालं? आता भर." उम्म जकीने त्या थंडीतही दारातून जीभ हलवत लुलुलुलु असा आनंदाचा गजर केला, इथे लग्नात बायका करतात तसा.

सगळे गेल्यावर तो गेला नाही. गच्चीवरचं बर्फ ओढून टाकलं, मग शेगडीपाशी बसून हात शेकत राहिला. शेगडीकडेच बघत म्हणाला, "तो परत येईल ना गं? मी त्याला घालवायला नव्हतो बोललो. जीभ घसरली. तुम्ही सगळं गमावून आलात आणि तो माझ्याच घरात माझ्याशीच असा मान ताठ करून बसायचा, मला वाटायचं हा मला कमी लेखतो." मी त्याला चहा दिला. या वेळी विचारला नाही, नुसता दिला.

लोकांपुढे मी तुमची बाजू राखली. आता आपल्या दोघांत खरं सांगते. पाइप चुकीच्याच भिंतीवर आहे. शुक्रीचं बोलणं वाईट होतं, पण खोटं नव्हतं. पाइप वाचला तो गोण्यांमुळे, त्या कोटामुळे, थेंब थेंब राखलेल्या पाण्यामुळे आणि मी दिवसभर जिना चढउतार केली त्यामुळे. तुम्ही तो जिथे ठोकलात त्यामुळे नाही. मी दमले आहे, अबू लबीब. माझ्या गुडघ्यांना विचारा. एका चुकीच्या जागच्या पाइपला किती काळ गुंडाळत राहायचं, याचा मी हल्ली फार विचार करते, आणि तो विचार नुसता पाइपचा राहत नाही.

मला तुम्ही हवे आहात. लिहिलं एकदाचं. आता ते खोडणार नाही. तुमची यंत्रं लोकांसाठी बर्फ पाडतायत आणि इथे फुकटच्या बर्फात तुमची बायको तुमच्या कोटाची बटणं पाइपला लावतेय. काही वाटतं का?

वजीहा


अम्मान, २१ मार्च, रमजान

अबू लबीब,

तुमचं पत्र आलं. टपालवाला या वेळी गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत आला, त्यामुळे माझ्याआधी ते वाण्याला कळलं.

लिहिता की सगळी पत्रं मिळाली. म्हणजे एकेक वाचलंत, घडी घालून ठेवलंत आणि गप्प बसलात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभ गोठला तरी पीळ तसाच. पुढे लिहिता, "पाइप हलव. मी रागात बोललो, तलाक मनात नव्हता. प्रायश्चित्त म्हणून माझ्या नावाने दहा गरिबांना जेवू घाल. आधी लिहायची लाज वाटली." बस. येण्याबद्दल अक्षर नाही.

आणि सगळ्यात खाली, पुन्हा पेन उचलून लिहिल्यासारखी एक ओळ. "थंडी फार होती का?"

ती ओळ मी कितीदा वाचली ते विचारू नका. नुहाने पत्र माझ्या हातातून घेतलं, तिने वाचलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत घासली. मग येऊन म्हणाली, "यबाला लिही, फार होती." तीन महिन्यांनी तिने तुमचं नाव काढलं.

दहा माणसं जेवून गेली. रोजा सोडायच्या वेळी, शेख मुहसिनांनी धाडलेली. खजूर, मसुराचं सूप, भात, दही. मी आणि नुहाने वाढलं. जेवण उत्तरेच्या त्याच पाण्यावर शिजवलं. जाताना एका म्हाताऱ्याने विचारलं, "ज्याच्या नावाने जेवलो तो कुठे आहे?" मी म्हटलं, "लांब आहे." तो म्हणाला, "मग त्याला सांगा, पोट भरलं. आता त्याने यावं." तेव्हा तुमची शपथ सुटली. मी तुमची बायको आहे, शेखांच्या तोंडून ऐकून घेतलंय, शंका उरलेली नाही.

शुक्री काल तोच नळकारागीर घेऊन आला. बिचारा या वेळी दारातच थांबला, "बहीणबाई, आज चालेल ना? कुणाचा तलाक वगैरे?" मी म्हटलं, तलाक नाही, पण पाइपही हलणार नाही.

शुक्रीने कपाळावर हात मारला. "आता काय? त्यानेच तर लिहिलंय!"

"त्याने लिहिलंय. मी नाही लिहिलेलं."

बायकांना तलाकची शपथ घालता येत नाही. ती पुरुषांनी आपल्याकडे ठेवली आहे, आणि तीत टांगायला आम्हाला. पण अल्लाची शपथ मला कुणी बंद केलेली नाही. ती मी काल घातली, शुक्रीच्या बैठकीत, त्याच गालिच्यावर उभी राहून, तुमच्यासारखीच चार माणसांसमोर. शेखही होते. ज्याने हा पाइप या भिंतीला ठोकला त्याच्याच हाताने तो निघेल, दुसऱ्या कुणाच्या नाही. शेख म्हणाले, "बेटी, मोडावीशी वाटली तर प्रायश्चित्त आहे." मी म्हटलं, मौलाना, मला प्रायश्चित्त नको, पाइपवाला हवाय.

तेव्हा आता नीट ऐका. मी माझी शपथ दहांना जेवू घालून सोडवणार नाही, शंभरांनाही नाही. पुढच्या थंडीत मी गोण्या शिवणार नाही, नळाखाली पातेलं ठेवणार नाही, गच्चीत जाणार नाही. फुटला तर फुटू दे, गल्लीसमोर तुमचा पाइप फुटेल आणि वाणी काय म्हणेल ते तुम्हाला ठाऊक आहे. शुक्रीने दक्षिणेच्या भिंतीवर जागेच्या खुणा करून ठेवल्यायत. शिडी तो देतो म्हणतो, आणि खाली उभं राहून धरतोही म्हणतो. नुहा म्हणते, शिडी ती धरणार, मामावर तिचा भरवसा नाही.

ईदला दोन आठवडे आहेत. कोट पाइपच्या अंगातून काढलाय, धुतलाय, कोपराशी लोखंडाचा डाग राहिलाय तो जात नाही. तो मी परत खुंटीवर टांगला आहे.

थंडी फार होती. येताना पाना आणा.

वजीहा